प्रसंगाची गाणी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा विषय माझ्यावरच सोपविला होता. तो मला आपल्या कार्यक्रमपत्रिकेतच सापडला. यंदाच्या गाण्यांत मंगळागौरीची गाणी आहेत, भोंडल्याची आहेत, दोन अभंग आहेत. आणि शेवटी, आपल्याच चार भगिनींनी उन्हाळ्यातल्या पाण्याच्या हालांवर जुळविलेले एक गाणे आहे. हे शेवटचे गाणे ठेवावे की गाळावे, यावर तयारीच्या सभेत बराच खल झाला. "मंडळात राजकारण नको," असे काही भगिनी म्हणाल्या. "सणासुदीच्या दिवशी गाऱ्हाणे कशाला?" असेही कोणी म्हणाले. शंका मनापासून काढलेली होती, म्हणून तिचे उत्तरही मनापासून द्यावे असे मला वाटले. माझे म्हणणे एवढेच आहे की घडल्या गोष्टीवर, अन्यायावर गाणे रचणे ही परकी किंवा नवी चाल नाही. ती आपल्या या मातीतली आहे, आणि तिच्यात बायकांचा वाटा फार जुना आहे.

आपण शिवनेरीच्या छायेत राहतो, तेव्हा आरंभ तिथूनच करू. आज पोवाडा म्हटला की आपल्याला इतिहास आठवतो. पण पोवाडा जन्मला तो ताजी बातमी म्हणून. १६५९ साली अफझलखानाचा वध झाला, आणि अज्ञानदासाने त्यावर पोवाडा रचला तो शिवरायांच्या हयातीतच. वर्तमानपत्र नव्हते, छापखाना नव्हता. डफ-तुणतुण्यावर गावोगाव फिरणारा शाहीर हेच वर्तमानपत्र. काय घडले, कोठे घडले, कोण शूर ठरला, कोणी दगा दिला, हे लोकांना त्याच्याकडून कळावयाचे. म्हणजे घडल्या गोष्टीवर गाणे करणे हा आपल्याकडचा मूळ रिवाज आहे.

या रिवाजाला सरकारदरबारी तक्रार मांडण्याचे वळण दिले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. त्यांचा शिवाजीमहाराजांवरचा पोवाडा १८६९ सालचा, तो पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्याच वर्षी 'सत्यदीपिका' मासिकात त्यांचा आणखी एक पोवाडा आला, शिक्षणखात्यातील ब्राह्मण पंतोजींविषयीचा. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत कशी वागणूक मिळते आणि सरकारने मास्तर नेमताना काय पाहावे, हा त्याचा विषय. एका सरकारी खात्याच्या कारभारावर पोवाडा! अर्ज लिहिला असता तर तो दप्तरात पडून राहिला असता. पोवाडा चार लोकांच्या तोंडी जातो, आणि तोंडी गेलेली तक्रार दप्तरात कोंडून ठेवता येत नाही.

सत्यशोधकांचे हे वारे आपल्या जुन्नर तालुक्यात जोराने वाहिले, आणि त्याचे एक मोठे ठाणे ओतूर हे होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी पुरोहिताला न बोलाविता लग्न लावले, जोशांनी हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली, आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ही १८८० नंतरच्या दशकातली गोष्ट. भगिनींनो, त्या लग्नांतली मंगलाष्टके मला फार महत्त्वाची वाटतात. जोतीरावांनी १८८७ साली सत्यशोधक पूजाविधीचे पुस्तक काढले, त्यात वधू आणि वर यांनी स्वतःच एकमेकांना उद्देशून म्हणावयाची मंगलाष्टके आहेत. त्यांत वधू भर मांडवात म्हणते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा आमचा हक्क आम्हाला देण्याची शपथ तू घे. मग वर तशी शपथ घेतो. अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांसमोर नवरीने मागणी मांडावी, आणि तीही गाऊन मांडावी! शुभकार्यात गाऱ्हाणे नको म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देईन. त्याहून शुभ कार्य ते कोणते?

ओतूरचे नाव निघाले की सावित्रीबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्या ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी येथूनच जोतीरावांना पत्र लिहिले, ते आज छापलेले उपलब्ध आहे. जनावरे पटापट मरत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, सावकार अडलेल्यांना नाडत आहेत, आणि मदतीला धावलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच पकडण्यात आले आहे, असे त्या लिहितात. कलेक्टरासमोर उभे राहून त्यांनी त्या कार्यकर्त्यांची बाजू मांडली आणि त्यांना सोडवून घेतले. ही बाई कवयित्री होती. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ सालचा. शब्द कसा जुळवावा हे जिला कळत होते, तिला तो कलेक्टरापुढे कसा टाकावा हेही कळत होते.

त्याच सुमारास आंबेगावच्या डोंगरात, जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला होता. तो १८७६ साली पकडला गेला. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे ती लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या म्हणून. पण ज्या घरातले दाणे सावकाराने नेले, त्या घरातली बाई काय म्हणत होती, हे गॅझेटियर सांगत नाही. सरकारी कागद आणि लोकांचे गाणे यांत हाच भेद आहे. कागद हा राज्य करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो. दुसरी बाजू कोणी गाऊन ठेवली, तरच ती उरते.

आता आपण जात्यापाशी येऊ. पहाटे घर झोपलेले असताना दोघीजणी जात्याच्या खुंट्याला हात लावून बसावयाच्या. एकीने चरण म्हणावा, दुसरीने उचलावा. साडेतीन चरणांची ओवी, दळणाच्या संथ गतीवर चालणारी. त्या वेळी ऐकणारे कोणी नसे आणि अडविणारेही कोणी नसे. सासूचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याची मारहाण, हे सारे त्या ओव्यांत आले. पण तेवढेच आले असे समजू नका. दुष्काळ आला, आगगाडी आली, गांधीबाबा आले, बाबासाहेब आंबेडकर आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागापासून आरंभ करून अशा ओव्या लिहून घेतल्या. पुढे त्यांचा संग्रह एक लाखाच्या वर गेला. अक्षरओळख नसलेल्या बायांनी रचलेल्या एक लाख ओव्या! यावरून कल्पना करा, की जे कोणी लिहून घेतले नाही ते किती असेल. विजेच्या गिरण्या आल्या, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जाते कोपऱ्यात गेले, तसा ओवी रचावयाचा तो एकान्तही गेला. त्याची जागा दुसरे काही घेऊ शकले तर ते आपले हे मंडळच.

आंबेगाव तालुक्याच्या गाण्यांविषयी बोलताना हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव न घेता पुढे जाता येणार नाही. म्हाळुंगे पडवळ हे त्यांचे गाव. गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा पोटासाठी मुंबईस गेला आणि गिरणीत लागला. १९३० साली विदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ ऐन भरात होती. मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रिया कापडाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभ्या राहत होत्या. पहाटेच्या प्रभातफेऱ्यांत रोज नवी गाणी म्हटली जात होती. त्या वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवी भागात विदेशी कापडाची लॉरी अडविण्यासाठी बाबू गेनू तिच्यापुढे आडवे झाले, आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. वय अवघे बाविसाच्या आसपास. त्यांच्यावर पोवाडे झाले, गाणी झाली. गिरणीतला एक अनाम मजूर अशा गाण्यांतून घरोघरी पोचला. आपल्या डोंगरकुशीतल्या गावाचे नाव मुंबईच्या रस्त्यावर घेतले गेले ते त्यांच्यामुळे.

इंग्रज सरकारला या गाण्यांचे भय वाटले. देशभक्तीच्या गाण्यांची चार-आठ पानांची पुस्तके सरकारने जप्त केली. आणि आता गंमत पाहा. जप्त केलेली ती पुस्तके सरकारने लंडनला नीट सांभाळून ठेवली, आणि आज अभ्यासकांना ती तेथे वाचावयास मिळतात. शत्रूने जप्त केले म्हणून ते टिकले! बायकांच्या ओव्या जप्त करण्याइतक्या महत्त्वाच्या कोणालाच वाटल्या नाहीत. सरकारला वाटल्या नाहीत, आणि घरच्यांनाही वाटल्या नाहीत. म्हणून त्या त्या बाईबरोबर सरणावर गेल्या. याचे मला फार वाईट वाटते, आणि आजच्या माझ्या सांगण्याचे मूळ तेच आहे.

स्वातंत्र्यानंतरही ही गाणी थांबली नाहीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी रान पेटविले. या अमर शेखांनी गाणे कोठून उचलले? आई मुनेरबी हिच्या जात्यावरच्या ओव्यांतून! मैदानात हजारोंपुढे दुमदुमणाऱ्या त्या पहाडी आवाजाचे मूळ एका बाईच्या जात्याशी होते. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही लावणी तर आपल्या भागाला विशेष लागू पडते. मुंबईत पोटासाठी राहिलेला गडी गावी राहिलेल्या आपल्या मैनेसाठी झुरतो, आणि त्या ताटातुटीतून शाहीर महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाचे दुःख सांगतो. जुन्नर-आंबेगावचे हजारो पुरुष गिरण्यांत, गोदीत, मसजिद बंदरात ओझी वाहावयास गेले. गावावर राहिलेल्या त्या मैना म्हणजे आपल्या आया आणि आज्या. शेत त्यांनी राखले, म्हातारी माणसे त्यांनी सांभाळली, मनिऑर्डरीची वाट त्यांनी पाहिली. मुंबईच्या गड्याचे गाणे आपण ऐकले. मैनेने काय उत्तर दिले, ते कोणी विचारले का?

पुढे बायकांनी आपले म्हणणे आपणच मांडावयाचे ठरविले. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे मुंबईच्या गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. वाद्य म्हणून त्यांनी ढोलकी आणली नाही. स्वयंपाकघरातले लाटणेच आणले. तो आवाज मंत्र्यांना नीट ऐकू गेला. मग १९७८ साली मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्याविरुद्ध देशभर स्त्रिया उठल्या, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगभूमीवर आणले. मुलगी जन्मली म्हणून तोंडे पाडणाऱ्या घरांवर ते गाण्यांतूनच बोलते. त्याचे प्रयोग गावोगाव झाले. सत्यशोधक जलशांत बाईचे सोंग पुरुषाला घ्यावे लागत असे. येथे बाईच उभी राहिली आणि आपल्या तोंडाने बोलली.

आता असे गाणे जमते कसे आणि फसते कसे, याविषयी थोडे सांगते. शाळेत चाळीस वर्षे मुलींकडून गाणी बसवून घेतली, त्या अनुभवावर सांगते.

पहिली गोष्ट चालीची. चाल ओळखीची हवी. भोंडल्याची, ओवीची, गवळणीची, जी तोंडात बसलेली आहे ती घ्यावी. नवी चाल शिकविण्यात आठवडा गेला, तर तोवर प्रसंग शिळा होतो. दुसरी गोष्ट, ओळ एका श्वासात मावली पाहिजे, आणि ध्रुपद असे पाहिजे की मागे बसलेल्या आजीनेही दुसऱ्या खेपेस ते उचलावे. तिसरी गोष्ट, गाण्यात नेमके काहीतरी हवे. 'अन्याय फार झाला' या शब्दांनी कोणी हलत नाही. किती घागरी, किती अंतर, कोणत्या विहिरीचा तळ दिसू लागला, हे आले की ऐकणारी मान डोलावते. आणि जे सांगावयाचे ते आधी खात्री करून घेऊन सांगावे. गाण्यातली एक खोटी गोष्ट सापडली की उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही खोट्या ठरविल्या जातात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. राग कृत्यावर असावा. ज्याने चूक केली त्याच्या जातीवर, त्याच्या घरच्या बायकांवर, त्याच्या व्यंगावर गाणे घसरू नये. ढोलकीच्या तालावर टाळी मिळविणे सोपे असते, आणि टाळीच्या मोहाने पुष्कळ गाणी वाया गेली आहेत. तसेच, प्रत्येक प्रसंगावर गाणे करावेच असेही नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा ठिकाणी ढोलकी शोभत नाही. तेथे जात्यावरची ओवीच जवळ बसू शकते.

या चार कसोट्या लावून आपल्या चौघींचे पाण्याचे गाणे मी दोनदा वाचले. चाल भोंडल्याची आहे. त्यात कोणाचे नाव नाही, कोणत्या पक्षाचा झेंडा नाही. आहे ती वस्तुस्थिती. ती वस्तुस्थिती आपल्या तालुक्याची आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्यात जुने आंबेगाव बुडाले. आज आपला तालुका ज्या गावाचे नाव सांगतो, ते गाव पाण्याखाली आहे, आणि कचेरी घोडेगावला आहे. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिले आहे. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते, तिकडची शेते हिरवी होतात, त्याचा आनंद आहे. त्या शेतांतही आपल्याच बहिणी राबतात. पण ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवरील बायांनी उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढ चढावा, यावर गाणे होणार नाही तर कशावर होईल? लॉरीपुढे आडवा झालेल्या त्या मुलाचे नाव आपण पाण्याला दिले. त्या नावाची लाज राखण्यासाठी तरी हे गाणे म्हटले पाहिजे.

असे आणखी विषय आहेत. भीमाशंकरच्या रानात बाळहिरडा वेचणाऱ्या आदिवासी भगिनी आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची हिरड्याची झाडे मोडली, आणि भरपाईसाठी त्यांच्या माणसांना मोर्चे काढावे लागले. शेतातले झाड मोडले तर पंचनामा होतो. रानातल्या झाडावर जगणाऱ्या बाईचा पंचनामा कोणी करावयाचा? गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बाटली आडवी करावयाची की उभी ठेवावयाची, यावर आता बायकांना मत देता येते. त्या मतदानाच्या आधी घरोघरी फिरताना भाषणापेक्षा गाणे अधिक उपयोगी पडते. नवरा भाषण करू देत नाही. भोंडल्याला मात्र कोणी ना म्हणत नाही.

"राजकारण नको" या शंकेचे उत्तर आता देते. निवडणुकीत कोणाला मत द्यावे हे मंडळाने सांगू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण विहीर आटली हे सांगणे, शाळेच्या वाटेवर बिबट्या दिसतो म्हणून मुलीला घरी बसवू नका, वाटेची सोय करा, असे म्हणणे, हे जर राजकारण असेल, तर ते चूल पेटविण्याइतकेच घरचे राजकारण आहे. ते टाळावयाचे तर मंडळाने फक्त रांगोळ्या काढाव्यात. रांगोळी मलाही आवडते. पण रांगोळीला पाणी शिंपावे लागते, आणि पाणी आणावयास आपणच जातो.

शेवटी दोन सूचना करते. मंडळाने एक दोनशेपानी वही घालावी. गावातल्या म्हाताऱ्या बायांना जी गाणी, ज्या ओव्या आठवत असतील त्या तिच्यात लिहून घ्याव्यात. प्रत्येक गाण्याखाली ते कोणी रचले, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगावर, कोणत्या चालीत, आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाच रकाने भरावेत. रचणारीचे नाव तिला विचारून घालावे; 'अमक्याची आई' असे घालू नये. आणि आज ना उद्या पाण्याची योजना झाली, नळ आला, तर पाण्याच्या गाण्याखाली तसे स्पष्ट लिहावे. ज्या दिवशी ते गाणे म्हणण्याची गरज उरणार नाही, तो दिवस त्या गाण्याच्या यशाचा.

दुसरी सूचना आजच्यापुरती. पाण्याचे गाणे कार्यक्रमात राहावे, आणि ते शेवटी न ठेवता अभंगांच्या लगेच नंतर ठेवावे. तुकोबांनीही समाजाचे खोटेपण अभंगातूनच सांगितले, तेव्हा शेजार चांगला आहे. निर्णय अर्थात सभेचा. बहुमत ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला मीही टाळी धरीन.